खानदेशच्या उन्हात कोल्ड एअर इनटेक आणि इंजिन ट्यूनिंगची निवड : एका व्हेन्यू गाडीचे प्रकरण

चाळीसगाव तालुक्यातील बी-बियाणे व खतांचे एक विक्रेते 2019 सालची ह्युंदाई व्हेन्यू वापरतात. गाडीचे इंजिन एक लिटरचे, तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल असून तिला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. कंपनीने जाहीर केलेली शक्ती 120 पीएस (अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मिनिटाला 1500 ते 4000 फेऱ्यांदरम्यान 172 न्यूटन मीटर आहे. सव्वा टनाच्या आतबाहेरच्या गाडीला हे पुरेसे मानले जाते. तरीही, कन्नडचा औट्रम घाट भर दुपारी चार माणसे बसवून आणि एसी चालू ठेवून चढताना गाडीत पिकअप राहत नाही, तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबले तरी गाडी ओढत नाही, अशी त्यांची तक्रार होती. सकाळच्या वेळी हाच घाट ती गाडी सहज चढत असे. पुढे सगळे निदान ज्यावर उभे राहिले तो धागा हाच होता, पण सुरुवातीला त्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

मोठ्या शहरातील एका गॅरेजने त्यांना दोन कामांचे एकत्र अंदाजपत्रक दिले होते. पहिले काम म्हणजे मूळ फिल्टर पेटी काढून तिच्या जागी कोन फिल्टरचे कोल्ड एअर इनटेक किट बसवणे आणि दुसरे म्हणजे ‘स्टेज 1’ रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली इंधन, ठिणगी आणि दाबाची कोष्टके (मॅप) बदलणे. दोन्ही मिळून 140 पीएस आणि 220 न्यूटन मीटर मिळतील, असा दावा त्यात होता. जळगावात मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक तपासणीचे काम करतो. हे अंदाजपत्रक माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, “भाऊ, पैसे भरण्याआधी एकदा पाहून घ्या. करावं का हे काम?” दावा खरा की खोटा, यापेक्षा या गाडीला, या रस्त्यांवर आणि या उन्हात तो लागू पडतो का, हे मला तपासायचे होते.

थंड हवेचा हिशोब

थंड हवा अधिक दाट असते, त्यामुळे सिलिंडरमध्ये तेवढ्याच जागेत जास्त प्राणवायू मावतो आणि जास्त इंधन जाळता येते. कोल्ड एअर इनटेकचे तत्त्व एवढेच आहे आणि ते बिनचूक आहे. निरपेक्ष तापमानाने हिशोब केला तर सुमारे तीन अंशांच्या फरकामागे घनतेत एक टक्का फरक पडतो. मात्र कोणतेही किट बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा आणू शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या पट्ट्यात दुपारी 43-44 अंश सहज असतात, म्हणजे इथे ‘थंड’ हवेची सर्वोत्तम मर्यादा 44 अंशांचीच आहे. त्यामुळे मूळ फिल्टर पेटीत शिरणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम आहे, हाच पहिला प्रश्न ठरतो.

तो प्रश्न मोजून सोडवता येतो. फिल्टर पेटीत तापमापकाची बारीक तार सोडून तिचे टोक बॉनेटमधून काचेपर्यंत आणले आणि दुसरी तार समोरच्या ग्रिलबाहेर ठेवली. महामार्गावर गाडी वेगात असताना पेटीतली हवा बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंशच जास्त निघाली. घाटात वेग कमी झाल्यावर हा फरक पाच-सहा अंशांपर्यंत गेला. या गाडीची मूळ पेटी बंदिस्त आहे आणि तिची नळी ग्रिलच्या मागून हवा घेते, त्यामुळे मूळ रचना स्वतःच बऱ्यापैकी कोल्ड एअर इनटेक आहे. अंदाजपत्रकातल्या किटमध्ये मात्र उघडा कोन फिल्टर बॉनेटच्या आत, रेडिएटरच्या कडेला बसणार होता आणि त्याच्याभोवती तीन बाजूंनी पातळ पत्रा असणार होता. घाटात त्या जागेचे तापमान मोजले तेव्हा ते साठीच्या पुढे गेले. ज्या प्रसंगासाठी मालकाला शक्ती हवी होती, नेमक्या त्याच प्रसंगी किटने आजच्यापेक्षा गरम हवा घेतली असती.

टर्बो इंजिनात याच्याही पुढचा एक मुद्दा असतो, आणि किट विकणारे तो सहसा सांगत नाहीत. हवा टर्बोच्या कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाते तेव्हा ती दाबामुळेच तापते. बाहेर 44 अंश, दाबाचे गुणोत्तर 1.8 आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर कॉम्प्रेसरमधून हवा सुमारे 127 अंशांवर बाहेर पडते. तिथून ती इंटरकूलरमध्ये, म्हणजे बंपरमागच्या हवा गार करणाऱ्या जाळीत जाते. इंटरकूलरने वाढीव उष्णतेपैकी तीन चतुर्थांश उष्णता काढून घेतली, तर इंजिनात 65 अंशांच्या आसपासची हवा पोहोचते. आता फिल्टरपाशी हवा 44 ऐवजी 49 अंशांची असेल, म्हणजे पाच अंश जास्त गरम असेल, तर इंटरकूलरनंतर त्या फरकातला जेमतेम दीड अंश उरतो. उलट, फिल्टरपाशी काहीही न बदलता इंटरकूलरची परिणामकारकता 75 वरून 55 टक्क्यांवर घसरली, तर इंजिनात शिरणारी हवा सोळा-सतरा अंशांनी तापते. हे कागदावरचे गणित आहे आणि प्रत्यक्षात आकडे थोडे मागेपुढे होतात. पण हवा गरम होत असेल तर आधी इंटरकूलर पाहावा, हे त्यावरून स्पष्ट होते.

अडथळ्याचे मोजमाप

किटच्या बाजूने दुसरा युक्तिवाद असा केला जातो, की मूळ कागदी फिल्टर हवेला अडवतो. हेही मोजता येते आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल पाहण्यासाठी वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी मी लाकडी पट्टीवर इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात ठोकली, तिच्यात रंगीत पाणी भरले आणि एक टोक फिल्टर पेटीच्या स्वच्छ बाजूला हवाबंद जोडले. इंजिन हवा ओढू लागले की दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक पडतो. दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास एक किलोपास्कल इतका दाब कमी झाला, असा त्याचा अर्थ. नळी भरपूर उंच ठेवावी लागते, नाहीतर पाणी इंजिनात ओढले जाण्याचा धोका असतो.

मोकळ्या रस्त्यावर पॅडल पूर्ण दाबून पाहिले तेव्हा गाडीत असलेल्या जुन्या फिल्टरवर हा फरक पंचवीस सेंटिमीटरपर्यंत गेला. कंपनीचाच नवा कागदी फिल्टर टाकल्यावर तो निम्म्याच्या आसपास आला. वातावरणाचा दाब सुमारे 100 किलोपास्कल असतो, त्या हिशोबाने नव्या फिल्टरचा अडथळा सव्वा टक्क्याच्या घरातला आहे. किटने तो पूर्ण शून्यावर आणला असता, जे शक्य नाही, तरी कमाई तेवढीच राहिली असती. शिवाय टर्बो इंजिनाचा कंट्रोलर, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठरलेला दाब गाठेपर्यंत टर्बोला थोडे अधिक फिरवतो आणि असा किरकोळ अडथळा भरून काढतो. टर्बो नसलेल्या इंजिनात हा फायदा थेट पदरात पडतो, हे मान्य केले पाहिजे. तिथेही तो मोठा नसतो.

जुना फिल्टर बाहेर काढला तेव्हा त्याच्या घड्यांमध्ये काळ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ बसलेली होती आणि तिच्यावर रुईचे तंतू आडवेतिडवे चिकटले होते. पेटीच्या तळाशी कडुनिंबाच्या वाळलेल्या काड्या होत्या. फिल्टरपलीकडची नळी मात्र पांढऱ्या फडक्याने पुसली तर फडके स्वच्छ राहिले. इतक्या वाईट अवस्थेतही कागदी फिल्टरने धूळ अडवण्याचे काम चोख केले होते. आपल्याकडच्या शेतरस्त्यांवरच्या धुळीत सिलिकाचे कण असतात. ते आत गेले तर रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासतात आणि मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांची धार खातात. तेल लावलेले सुती जाळीचे फिल्टर हवा मोकळी सोडतात, पण बारीक धूळ अडवण्यात ते साधारणपणे चांगल्या कागदी फिल्टरपेक्षा मागे पडतात. फिल्टर मोजण्यासाठी आयएसओ 5011 ही चाचणी पद्धत आहे. किट विकणाऱ्याकडे त्या चाचणीचा अहवाल मागावा आणि तो मिळाला नाही तर पुढचे बोलणे थांबवावे, असे माझे ठाम मत आहे. ज्या गाड्यांत गरम तारेचा हवामापक सेन्सर असतो, त्यांत फिल्टरचे जास्त झालेले तेल त्या तारेवर बसून चुकीची नोंद देण्याचाही त्रास होतो.

किटचा आणखी एक प्रकार फिल्टर खाली, बंपरच्या कोपऱ्यात नेतो. तिथे हवा खरोखर कमी गरम असते. मात्र पावसाळ्यात रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यांत गुडघाभर पाणी साचते आणि त्यातून गाडी घालण्याची वेळ आपल्याकडे अनेकांवर येते. त्या पाण्यात बुडालेला फिल्टर इंजिनात पाणी ओढतो. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. चाळीसगावच्या गाडीसाठी हा पर्याय विचारातही घेतला नाही.

घाटातल्या नोंदी

यानंतर गाडीच्या ओबीडी सॉकेटला (इंजिनाच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीला) उपकरण जोडून औट्रम घाटात भर दुपारी नोंदी घेतल्या. इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान, कंट्रोलरने मागितलेला बूस्ट (टर्बोचा वाढीव दाब) आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि नॉकिंगमुळे, म्हणजे मिश्रण अवेळी पेटल्याने, मागे घेतलेले टायमिंग या गोष्टी मला पाहायच्या होत्या. पायथ्याशी सगळे ठीक होते. अर्ध्या चढावर इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान ऐंशीच्या पुढे गेले आणि त्याबरोबर टायमिंग कित्येक अंशांनी मागे येऊ लागले. बूस्ट मात्र जवळपास पूर्ण मिळत होता. याचा अर्थ टर्बो हवा देत होता, पण ती इतकी गरम होती की मिश्रण ठिणगीआधीच किंवा वेड्यावाकड्या रीतीने पेटण्याचा धोका ओळखून कंट्रोलर स्वतःहून शक्ती कमी करत होता. सकाळी गाडी नीट चढायची आणि दुपारी नाही, त्याचे कारण हे होते.

वरच्या हिशोबात परिणामकारकता घसरलेल्या इंटरकूलरसाठी जो आकडा निघतो, नोंदीतले तापमान त्याच्या जवळ होते. म्हणून समोरचा बंपर उतरवला. इंटरकूलरच्या पातळ पंखांमध्ये रुई, चिखल आणि किड्यांचे अवशेष दबून नमद्यासारखा सलग थर झाला होता आणि तो नखाने एका बाजूने उचलला तर पट्टीसारखा सुटून येत होता. एसीच्या कंडेन्सरच्या खालच्या भागातही तेच होते. मालक कापसाच्या हंगामात वसुलीसाठी जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) आवारात रोज जातात. सरकी काढताना उडालेली रुई तिथल्या हवेत आणि जमिनीवर असते, गाडीचा पंखा ती ओढून घेतो आणि पहिल्या पावसाचा चिखल ती पक्की बसवतो. कापूस पट्ट्यातल्या टर्बो गाड्यांत हा दोष मला वारंवार दिसतो. सर्व्हिसच्या यादीत तो नसल्यामुळे कोणी बंपर उघडत नाही, आणि मग शक्ती कमी झाली म्हणून लोक शक्ती विकत घ्यायला निघतात.

सफाई मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने केली. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा इथे मारू नये, कारण त्याने पंख मुडपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. स्पार्क प्लग कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे नवे टाकले. त्याच घाटात, त्याच वेळी पुन्हा नोंदी घेतल्या तेव्हा हवेचे तापमान पंधरा अंशांनी खाली आले होते आणि टायमिंग मागे घेणे किरकोळ राहिले होते. एसीही अधिक गार झाला.

ट्यूनिंगचा निर्णय

इथे थांबावे, असे मी सुचवले. तक्रार गेलेल्या शक्तीची होती आणि ती परत आली होती. मालकांना मात्र ओव्हरटेक करताना आणखी थोडा जोर हवा होता आणि तो निर्णय घेण्याचा अधिकार त्यांचाच होता. इनटेक किटचा विषय त्यांनी स्वतःहून सोडला. ट्यूनिंगचे पर्याय तीन प्रकारचे होते आणि त्यांच्यातला फरक समजून घेण्यात आमचा बराच वेळ गेला.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे तयार फाइल. ओबीडी सॉकेटमधून मूळ मॅप वाचायचा आणि दुसऱ्या कोणत्या तरी गाडीवर बनवलेला वाढीव मॅप टाकायचा. अंदाजपत्रकातली ‘स्टेज 1’ याच जातीची निघाली. ही फाइल किती ऑक्टेनच्या इंधनावर बनवली आहे, या प्रश्नाला त्या गॅरेजकडे उत्तर नव्हते, आणि माझ्या दृष्टीने तिथेच तो पर्याय संपला. ऑक्टेन म्हणजे इंधन नॉकिंगला किती विरोध करते याचा आकडा. आपल्याकडे बीएस 6 मानकात साध्या पेट्रोलचे ऑक्टेन किमान 91 आणि प्रीमियमचे 95 धरले गेले होते. युरोपात ट्यूनिंगच्या फाइली बहुधा 98 ऑक्टेनवर बनतात. तसा मॅप इथे चालवला तर कंट्रोलर उन्हाळाभर टायमिंग मागे घेत बसतो, किंवा ट्यूनरने ते संरक्षणच ढिले केले असेल तर पिस्टन धोक्यात येतो. प्रीमियम पेट्रोल शहरात मिळते, पण वसुलीला आडगावी गेल्यावर जो पंप लागेल तिथे जे मिळेल तेच भरावे लागते. म्हणून या गाडीचा मॅप साध्या पेट्रोलवर सुरक्षित असणे ही पहिली अट ठरली.

इंधनाची दुसरी बाजू इथेनॉलची आहे. 2025 पर्यंत पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे मिश्रण सर्वत्र पोहोचले. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते, ही त्याची जमेची बाजू आहे. मात्र शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने 14.7 पट हवा लागते आणि इथेनॉलला 9 पटच लागते, त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन सोडावे लागते. मूळ मॅपमध्ये इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपाकडे जी शिल्लक क्षमता असते, ती मिश्रणामुळे आधीच थोडी वापरली जाते आणि वाढीव बूस्टने आणखी वापरली जाते. गाडी 2019 ची, म्हणजे 20 टक्के मिश्रणासाठी खास बनवलेली नाही. रबरी भागांची तपासणी आणि पूर्ण भारावर इंधन-हवा गुणोत्तराची नोंद या दोन गोष्टी म्हणूनच आवश्यक मानल्या.

दुसरा पर्याय ट्यूनिंग बॉक्सचा होता. तो बूस्टच्या सेन्सरची खोटी नोंद कंट्रोलरला देतो, त्यामुळे कंट्रोलर प्रत्यक्षात जास्त दाब देतो पण त्याला ते कळत नाही. बॉक्स काढून गाडी पूर्ववत करणे सोपे असते, हा त्याचा गुण आहे. परंतु ज्या कंट्रोलरने घाटात इंजिन वाचवले, त्याच्याच डोळ्यांवर पट्टी बांधणे मला पटत नाही.

तिसरा पर्याय नोंदी पाहून बनवलेल्या मॅपचा होता आणि तोच निवडला. नाशिककडच्या एका ट्यूनरने घाटातल्या आमच्या नोंदी मागवून घेतल्या, तेव्हाच त्याच्याबद्दल विश्वास वाटला. त्याच्यापुढे ठेवलेल्या अटी स्पष्ट होत्या. टॉर्क 195 न्यूटन मीटरच्या पुढे नेऊ नये, कारण क्लच मूळचाच राहणार होता आणि 220 वर तो वरच्या गिअरमध्ये घसरण्याची शक्यता होती. 2000 फेऱ्यांखालचा बूस्ट मूळचाच ठेवावा, कारण लहान, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर जास्त भार टाकला तर मिश्रण ठिणगीच्या बरेच आधी पेटण्याचा विशिष्ट धोका असतो आणि एका झटक्यात पिस्टनची रिंगेची कड तुटू शकते. याच कारणासाठी ऑइल एपीआय एसपी या दर्जाच्या श्रेणीचे टाकण्याचे ठरले, ज्या श्रेणीत या प्रकाराविरुद्धची चाचणी आहे. इंटरकूलरनंतरची हवा साठ अंशांपुढे गेली की वाढीव शक्ती टप्प्याटप्प्याने मागे घ्यावी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि नॉक नियंत्रण यांना हात लावू नये. मूळ फाइल मालकाच्या ताब्यात द्यावी.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ट्यूनिंग करून घेणारा माणूस ही जोखीम स्वतःवर घेतो, हे मी मालकांना कामाआधी लेखी दिले. त्यांनी विमा कंपनीलाही बदलाची माहिती लेखी कळवली. बहुतेक लोक ही गोष्ट लपवतात आणि दाव्याच्या वेळी अडचणीत येतात. गाडीची वॉरंटी संपलेली होती, त्यामुळे तो प्रश्न उरला नव्हता. वॉरंटी चालू असती तर मी या कामात पडलोच नसतो.

निकाल

मॅप मे महिन्यातच टाकला, कारण सर्वांत वाईट हवामानात तो तपासायचा होता. पहिल्या फेरीत चढाच्या वरच्या टप्प्यात एका सिलिंडरचे टायमिंग इतर दोघांपेक्षा जास्त मागे येत असल्याचे दिसले. ट्यूनरने त्या पट्ट्यातले टायमिंग थोडे कमी करून सुधारित फाइल पाठवली आणि पुढच्या नोंदी समाधानकारक आल्या. महामार्गावर चौथ्या आणि पाचव्या गिअरमधला ओव्हरटेक आता ठळकपणे सोपा झाला आहे. घाटात भर दुपारी मात्र काही मिनिटांच्या सलग चढानंतर गाडी मूळ शक्तीच्या जवळ येते. हे ठरवून केलेले आहे आणि मालकांनी ते आधी समजून घेतले होते.

ऑइल आता 10,000 ऐवजी 7,500 किलोमीटरवर बदलले जाते. एअर फिल्टर पेरणीच्या आधी आणि कापसाच्या हंगामाच्या मध्यावर, असा दोनदा उघडून पाहिला जातो. जिनिंग बंद झाल्यावर, पहिला पाऊस पडण्याच्या आत, बंपर उतरवून इंटरकूलर धुण्याचे काम त्यांनी चाळीसगावच्याच एका मिस्त्रींकडे सोपवले आहे.